थंडीत शेततळ्यातला मासा गळाला का लागत नाही?

निफाड, सिन्नर, चांदवड पट्ट्यात पारा १० अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच दिवसांत शेततळ्यांच्या काठावर गळ टाकून बसलेली पोरंही दिसतात. सकाळी सहाला येतात, दहापर्यंत कुडकुडतात आणि रिकाम्या पिशवीने घरी जातात. मग तळ्यात मासाच उरला नाही, असं गावभर होतं. मालकालाही चोरीचा संशय येतो.

मासा तळ्यातच असतो, पण त्याला भूक नसते. माशाचं रक्त थंड. पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार. रोहू, कटला, मृगळ हे २५ ते ३० अंशांच्या पाण्यात जोमाने खातात आणि वाढतात. पाणी २० च्या खाली गेलं की त्यांचं खाणं निम्म्यावर येतं आणि १५ च्या आसपास जवळजवळ थांबतं. पोटातलं पचायलाच वेळ लागतो, तर नवं कशाला खाईल? तिलापियाला थंडी आणखी बाधते. त्यातल्या त्यात सायप्रिनस तग धरतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गळाला लागला तर बहुतेक तोच लागतो.

हवा जितक्या झटक्यात गार होते तितकं पाणी होत नाही, आणि गार झालेलं पाणी तापायलाही वेळ घेतं. म्हणून भल्या पहाटे बसण्यात अर्थ नाही. दुपारी बारा ते चार ही खरी वेळ. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बांधाची सावली पाण्यावर पडते आणि उत्तरेच्या काठाला दिवसभर ऊन लागतं. तिथला काळा कागदही तापतो. मासे उन्हाला याच बाजूला सरकतात. इथे बसलं की आपली सावली मागे पडते, पाण्यावर पडत नाही, हा आणखी एक फायदा. सकाळी बसायचंच असेल तर आमिष खोल सोडावं, कारण तेव्हा मासा तळाशी पडून असतो.

आमिष लहान हवं. पावसाळ्यात लिंबाएवढा कणकेचा गोळा चालतो, थंडीत हरभऱ्याएवढा पुरे. शेंगदाणा पेंड मिसळलेली कणीक किंवा गांडुळाचा तुकडा लावावा. बारीक गळ आणि पातळ तंगूस बरा. मासा या दिवसांत आमिष ओढून नेत नाही, नुसतं चघळतो. बूच बुडायची वाट बघत बसलं तर आमिष खाऊन तो निघून गेलेला असतो. बूच थरथरलं किंवा जरा आडवं झालं की हळूच खेचायचं.

शिसं लावून गळ तळाशी ओढत आणणं मात्र प्लास्टिकच्या तळ्यात साफ बंद करावं. गळ कागदात अडकला, जोर लावला की भोक पडतं. ते पाण्याखाली सापडत नाही आणि उन्हाळ्यासाठी राखलेलं पाणी गुपचूप जमिनीत जिरतं. एका माशापायी दुसऱ्याची बाग वाळायची वेळ येते. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्याही तळ्यावर जाऊ नये, याचं कारण हेच. मासे त्याचंच पीक आहे, ही गोष्ट आणखी वेगळी.

त्याहून मोठा धोका जिवाचा. कागदावर शेवाळ धरलेलं असतं, उतार तीव्र असतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही घसरल्यावर वर येता येत नाही, हाताला धरायला काहीच नसतं. शिवाय गार पाण्यात हातपाय लवकर आखडतात. बसण्याआधी गाठी मारलेला दोर वरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडावा, जवळ हवा भरलेली ट्यूब ठेवावी. एकट्याने जाऊ नये. लहान पोरांना तर नाहीच नाही. मासा निसटला, काठी पाण्यात गेली तर जाऊ द्यावी, तिच्यामागे उतरू नये.

तळ्यात मासे पाळणाऱ्यांनीही हेच गणित धरावं. एरवी माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य रोज टाकतात. कडाक्याच्या थंडीत ते १ टक्क्यावर आणावं, तेही दुपारी. तासाभराने खाद्य तसंच दिसलं तर दुसऱ्या दिवशी टाकूच नये. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि पहाटे मासे तोंड वर काढायला लागतात. पैसेही पाण्यातच जातात.

गळाने तोंड फाटलेला मासा परत तळ्यात सोडू नये. थंडीत जखम भरत नाही, त्यावर कापसासारखी बुरशी चढते. तो त्याच दिवशी कालवणात जावा. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर मात्र गळ टाकायलाच दुसरा वार बघावा. लहान मासा सोडायचाच असेल तर हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.