टाकाऊ भुशाचे पेटते ओंडके



थंड हवेच्या देशांत घराच्या बैठकीत भिंतीतच एक चूल बांधलेली असते. तिच्यावर स्वयंपाक करायचा नसतो. बर्फ पडू लागले की घरची माणसे तिच्यासमोर बसून शेकतात आणि धूर धुराड्यावाटे छपराबाहेर जातो. या चुलीला लाकूड मात्र भरपूर लागते. ते फोडायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे, पावसापासून जपायचे आणि पेटवताना फुंकत बसायचे. शहरातल्या लहान घरात हे जमायचे कसे? या अडचणीतून एक वस्तू निघाली. ती बनते कचऱ्यापासून, मिळते कागदाच्या वेष्टनात, पिशवीतून घरी नेता येते आणि एका काडीने पेटते. आज तिचीच माहिती घेऊ, कारण तिच्यातून आपल्या घरालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कचऱ्यातून जळण

लाकूड कापले की भुसा पडणारच. गिरणीवाल्याला तो नकोसा असतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात लुइस्टन येथे लाकडाच्या मोठ्या गिरण्या होत्या. तिथे १९३० च्या दशकात भुसा प्रचंड दाबाने दाबून त्याचे ओंडके पाडणारे यंत्र तयार झाले. त्यात डिंक घालावा लागत नसे. लाकडात मुळातच लिग्निन नावाचे द्रव्य असते. दाबाने आणि उष्णतेने ते मऊ होते व निवले की घट्ट होऊन भुशाचे कण बांधून ठेवते.

त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, हेन्री फोर्ड यांनी मोटारींच्या लाकडी भागांतून उरणारे तुकडे वाया जाऊ दिले नाहीत. मिशिगन राज्यात त्यांचा कोळसा करून, तो कुटून, खळ घालून वड्या पाडल्या जात. फोर्ड मोटारींच्या विक्रेत्यांकडेच त्या विकायला ठेवल्या जात.

पुढची गोष्ट पेन्सिलीची. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील एक कंपनी पेन्सिलींसाठी सीडर लाकडाच्या पट्ट्या बनवीत असे. उरलेल्या भुशात मेण मिसळून तिने ओंडके तयार केले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘ड्युराफ्लेम’ या नावाने प्रसिद्ध झाले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात कॉफीच्या चोथ्याचेही असे ओंडके निघाले. पूर्वी यात खनिज तेलापासून काढलेले मेण असे. पुढे वनस्पतिजन्य मेणाचाही वापर सुरू झाला.

ओंडका पेटवायचा असतो वेष्टनासकट. कागदाला काडी लावली की मेण वितळून जळू लागते आणि भुसा वातीचे काम करतो. एक ओंडका साधारण दोन-तीन तास चालतो. उघड्या शेकचुलीत तो ओल्या लाकडापेक्षा कमी धूर करतो. मात्र एका वेळी एकच लावावा, काठीने ढोसू नये आणि त्याच्यावर अन्न शिजवू नये, हे नियम पाळावेच लागतात.

आपल्याकडचा भुसा

हे वाचून आपल्यातील वडीलधाऱ्या बायांना भुशाची शेगडी आठवेल. वखारीतून भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती ठासून भरायचा, खालच्या भोकातून एक दांडका आत सरकवायचा, मग बाटली व दांडका अलगद काढून खालून पेटवायचे. एकदा भरलेली शेगडी तासन्‌तास चाले. भुसा ठासण्याचे महत्त्व आपल्या बायांनाही चांगले ठाऊक होते.

आपल्या महाराष्ट्रात ऊस तोडल्यावर उरणारे पाचट शेतातच पेटवून देतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली त्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत बसवली. तिला २००२ साली अ‍ॅशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर चार-पाच माणसांचा वरण-भात होतो.

हा प्रश्न नुसत्या काटकसरीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅस पोहोचला. तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी चूल पेटतेच. आणि ती पेटवायला काय वापरतात? प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा नाहीतर रॉकेल! प्लास्टिकचा आणि रबराचा धूर विषारी, तर रॉकेलच्या भडक्याने किती संसार होरपळले ते आम्ही सांगायला नको.

घरी करून पाहा

त्यापेक्षा पेटवणाच्या वड्या घरी करा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोरडा भुसा भरा. उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण थेट आचेवर कधीही वितळवू नका, ते भडकते. पातळ झालेले मेण भुशावर ओता आणि निवल्यावर एकेक खण कापून ठेवा. चूल किंवा पाण्याचा बंब पेटवायला एक वडी पुरते. वडी जळून लाकडाने पेट घेईपर्यंत चुलीवर तवा ठेवू नये. हे काम लहान मुलांकडे देऊ नये.

भुसा निवडताना काळजी घ्या. प्लायवूड, सनमायका, रंग दिलेले लाकूड यांचा भुसा घेऊ नका. त्यातील गोंद व रंगही जळताना विष सोडतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी, निखाऱ्यांचे घमेले किंवा कोणतेही जळण ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि झोपेतच जातो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर अशी लक्षणे दिसताच सर्वांना मोकळ्या हवेत न्या आणि तातडीने दवाखाना गाठा. शेकून झाले की शेगडी बाहेर ठेवा, मगच दाराला कडी लावा. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः रात्रपाळीच्या रखवालदार भावांना, एवढे आज आवर्जून सांगा.