शेतकऱ्याला एकदाच विचारा

महाराष्ट्रातील शेतकरी एका हंगामात शासनाला जी माहिती देतो, तिचा बराच मोठा भाग शासनाच्याच कोणत्या ना कोणत्या दप्तरात आधीपासून नोंदलेला असतो. जमीन कोणाची आणि किती हे गाव नमुना सातमध्ये, म्हणजे अधिकार अभिलेखात, असते. त्या जमिनीत कोणते पीक उभे आहे हे गाव नमुना बारामध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदवहीत, असते. आणि या दोहोंचा मिळून होणारा सातबारा आज संगणकावर उपलब्ध आहे. तरीही पीक विमा, पीक कर्ज, अनुदान, हमीभावाने होणारी खरेदी आणि नुकसानीचा पंचनामा अशा प्रत्येक प्रसंगी तोच गट क्रमांक, तेच क्षेत्र आणि तेच पीक शेतकऱ्याला पुन्हा सांगावे लागते.

माहिती देणाऱ्यावर पडणाऱ्या या बोजाला सांख्यिकीशास्त्रात ‘प्रतिसाद-भार’ अशी संज्ञा आहे. प्रश्नावली भरण्यास लागणारा वेळ हा त्याचा एक भाग झाला. कागद मिळवण्यासाठी माराव्या लागणाऱ्या फेऱ्या, बुडालेला रोज आणि उत्तर चुकले तर लाभ जाईल ही धास्ती यांचाही त्यात समावेश होतो. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ५३ लाख वहितीखातेदार होते आणि त्यांच्याकडील सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर होते. शंभर एकरांच्या मालकाला आणि तीन एकरांच्या कुटुंबाला अर्ज सारखाच भरावा लागत असल्यामुळे, एकरी हिशेबाने हा बोजा लहान शेतकऱ्यावरच अधिक पडतो.

हा भार कमी कसा करावा याचा विचार करताना आधी दोन प्रकारच्या माहितीत भेद करावा लागतो. राज्यात सोयाबीनचे उत्पादन किती झाले, शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न किती, खतांचा वापर किती वाढला, ही सांख्यिकीय माहिती होय; तिच्यात व्यक्तीच्या नावाला महत्त्व नसते आणि थोड्या लोकांना नीट विचारले तरी सर्वांविषयीचे उत्तर मिळते. अनुदान कोणाच्या खात्यात जमा करायचे ही मात्र प्रशासकीय माहिती होय. तेथे प्रत्येकाचे नाव आणि क्षेत्र लागतेच. पहिल्या प्रकारात भार कमी करण्याचे साधन नमुना निवड हे आहे, तर दुसऱ्या प्रकारात एकदा घेतलेली माहिती सर्व खात्यांनी वापरणे हे आहे.

नमुना निवडीच्या शास्त्राला मराठी माणसांचा मोठा हातभार लागला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. या पद्धतीत गावे, त्यांतील शेते आणि शेतातील ठरावीक मापाचा तुकडा यांची यदृच्छया, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडता, निवड केली जाते आणि त्या तुकड्यातील पीक कापून, मळून, तोलून त्यावरून मोठ्या प्रदेशाचे उत्पादन काढले जाते. तुकडा फार लहान असेल तर कडेवरची रोपे आत धरली जाऊन उत्पादन फुगते, असा सुखात्मे यांचा आक्षेप होता आणि त्यावरून प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. त्या वादातून एक गोष्ट पक्की झाली, ती अशी की आकडेवारीचा खरेपणा किती लोकांना विचारले यापेक्षा कसे निवडले आणि कसे मोजले यावर अधिक अवलंबून असतो.

ज्या माहितीसाठी अभिलेख पुरेसा आहे तेथे शेतकऱ्याला विचारण्याचीही गरज उरत नाही. १९७०-७१पासून साधारण दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना याचे चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्रासारख्या, जमिनीचे तपशीलवार अभिलेख असलेल्या राज्यांत तिच्या पहिल्या टप्प्यातील खातेदारांची संख्या आणि क्षेत्र महसुली दप्तरातूनच संकलित केले जाते. पीकपद्धती आणि निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते, कीटकनाशके इत्यादी, यांचा तपशील पुढील टप्प्यांत निवडक गावांतून घेतला जातो. दोन पाहण्या एकत्र करणे हा दुसरा मार्ग होय. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७०व्या फेरीत, २०१३ साली, शेतकरी कुटुंबांची स्थिती आणि जमीन-पशुधन धारणा यांसाठी दोन स्वतंत्र पाहण्या झाल्या होत्या. २०१९च्या ७७व्या फेरीत त्यांची एकच पाहणी करण्यात आली.

परदेशांतही याच दिशेने पावले पडली आहेत. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाने सप्टेंबरमधील पीक पाहणीसाठी शेतकऱ्यांना विचारणे २०१६पासून थांबवले आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, हवामानाची नोंद व आधीच्या पाहण्यांचे आकडे यांवरून उत्पादनाचा अंदाज बांधण्यास सुरुवात केली. युरोपीय संघाने २०१८ साली केलेल्या नियमानुसार मोजके मूलभूत प्रश्न सर्वत्र आणि सविस्तर प्रश्न फक्त नमुन्यातील शेतांना, अशी विभागणी केली असून अनुदानाच्या दप्तरातील माहिती आकडेवारीसाठी वापरण्यास मुभा दिली आहे. भारतातही पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात दूरसंवेदनाला किमान ३० टक्के भारांक देण्याची पद्धत सुरू झाली.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठा बदल म्हणजे १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी होय. पूर्वी तलाठ्याने बांधावर जाऊन करावयाची पिकांची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरील अॅपमधून, उभ्या पिकाचे छायाचित्र काढून, करावयाची असते. आपल्या पिकाची नोंद आपण करण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला हे खरे. परंतु तलाठ्याचे काम शेतकऱ्याकडे आले हेही तितकेच खरे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याच्या शिवारात नेटवर्क नाही किंवा ज्याची मुदत हुकली, त्याच्या सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि मग हमीभावाच्या खरेदी केंद्रावर त्याची अडवणूक होते. सहायकांची नेमणूक करून उरलेली नोंद पूर्ण करण्याची सोय आहे, तथापि कागदाच्या जागी अॅप आले एवढ्याने भार हलका होत नाही. तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. नोंदीसाठी घेतलेले कष्ट पुढे किती अर्ज वाचवतात, यावरच तिचे मोल ठरते.

त्या दृष्टीने अॅग्रिस्टॅक या प्रणालीकडे पाहावे लागते. शेतकऱ्यांची नोंदवही, पेरलेल्या पिकांची नोंदवही आणि गावांचे भूसंदर्भित नकाशे हे तिचे तीन आधार असून, केंद्राने सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाचा ती भाग आहे. राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५पासून आवश्यक करण्यात आला. या क्रमांकामागे सर्व माहिती असेल तर क्रमांक दिल्यावर सातबारा, आठ-अ आणि पीकपेऱ्याचा दाखला मागण्याचे कारण राहत नाही. मात्र २०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या आणखी एका अॅपवर स्वतंत्र नोंदणी करावी लागली, यावरून जुने अर्ज बंद झाल्याखेरीज नवा क्रमांक हा आणखी एक कागदच ठरतो, हे दिसते.

नोंदवह्यांवर विसंबण्याच्या दोन मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की बटईने, ठोक्याने किंवा मक्त्याने जमीन कसणाऱ्याचे आणि शेतात राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर नसते. केवळ अभिलेखावरून धोरण आखले तर प्रत्यक्ष कसणारा माणूस गणनेतूनच गळतो, म्हणून त्याच्यासाठी नमुना पाहणी चालू ठेवणे अपरिहार्य आहे. दुसरी मर्यादा विश्वासाची आहे. दिलेल्या उत्तरावर अनुदान मिळणे वा जाणे अवलंबून असेल, तर उत्तर लाभाच्या बाजूने झुकते. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ हा कायदा म्हणूनच सांख्यिकीसाठी घेतलेली माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घालतो, आणि त्याखालील नियमांत अनावश्यक दुबार संकलन टाळण्यासाठी नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

ही तरतूद कृषी, महसूल, सहकार आणि पशुसंवर्धन या खात्यांनी काटेकोरपणे पाळावयाची असेल, तर प्रत्येक नव्या पाहणीपूर्वी व नव्या अर्जापूर्वी ही माहिती शासनाच्या कोणत्या दप्तरात आहे, नमुन्यावर भागेल काय, आणि हिच्या बदल्यात कोणता जुना अर्ज रद्द होणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे त्या खात्याने दिली पाहिजेत. शासनाकडे असलेली माहिती शासनानेच शोधावी आणि ती शोधता न येण्याची किंमत शेतकऱ्याने मोजू नये, हे तत्त्व नियमात उतरल्याशिवाय कोणतेही अॅप शेतकऱ्याचा भार कमी करू शकणार नाही.