कन्सोलनिष्ठा आणि प्रौढत्वाचा आभास

व्हिडिओ गेम कन्सोलच्या चाहत्यांमधील ब्रँडनिष्ठा ही वस्तूच्या गुणवत्तेपेक्षा निवड बदलता न येण्यातून अधिक जन्मते. एका यंत्राचा खेळ सहसा दुसऱ्यावर चालत नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीसारख्या मध्यमवर्गीय वस्तीत घरी आलेले यंत्र म्हणूनच पुढील काही वर्षे एकमेव ठरते, आणि वडिलांच्या पैशातून आलेले असूनही किशोरवयीन मुलाला ते स्वतःच्या पारखीचे प्रमाणपत्र वाटते. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंवादाच्या सिद्धान्तानुसार, निवड झाल्यावर मन नाकारलेल्या पर्यायातील दोष शोधू लागते. शेजाऱ्याचे यंत्र हिणवणाऱ्या मुलाच्या तोंडून ही असुरक्षितताच बोलत असते.

या असुरक्षिततेला प्रौढत्वाची भाषा मिळाली ती अमेरिकेतील सेगा आणि निन्टेन्डो यांच्या स्पर्धेत. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ दोघींच्या यंत्रांवर आला. निन्टेन्डोने रक्ताच्या जागी घाम दाखविला. सेगाच्या जेनेसिसवर मात्र ठराविक क्रमाने कळा दाबताच रक्त दिसे. सेगाचे चाहते 'मोठे' झाले, निन्टेन्डोचे बालिश ठरले! वस्तुतः रक्ताच्या रंगावरून वय ठरविणे हे पौगंडावस्थेचेच लक्षण होय. त्याच डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. १९९४ मध्ये खेळांचे वयोगटानुसार वर्गीकरण सुरू झाले आणि निन्टेन्डोनेही खेळाच्या दुसऱ्या भागात रक्त राहू दिले. वादाचे कारण उरले नाही, तरी वाद उरला.

२००१ मध्ये सेगाने कन्सोलनिर्मिती थांबविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा मानबिंदू असलेला 'सोनिक' जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावू लागला.