चोरून ऐकणारे कान आणि नागरिकाचा खासगीपणा

विशेष प्रतिनिधी

दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकले गेल्याचा आरोप व्हावा, चौकशीची मागणी व्हावी आणि कालांतराने सारे शांत व्हावे, हा क्रम देशाला नवा नाही. कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये अशाच आरोपांवरून पद सोडावे लागले होते. मात्र या गदारोळात एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. ज्याचे बोलणे ऐकले जाते, त्या नागरिकाला कायदा कोणते संरक्षण देतो?

ब्रिटिश राजवटीतील १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. तो कसा वापरावा, याची कार्यपद्धती मात्र शतकभर ठरलीच नाही. राजकीय नेत्यांच्या दूरध्वनी टॅपिंगबाबतचा 'सीबीआय'चा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी टॅपिंग हे खासगीपणाचे गंभीर उल्लंघन ठरविले. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, त्याची मुदत दोन महिने व कमाल सहा महिने असावी आणि समितीने त्याचा आढावा घ्यावा, असे निर्बंध घालण्यात आले. न्यायाधीशांच्या पूर्वपरवानगीची मागणी मात्र मान्य झाली नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला.

या निकालांचा प्रत्यक्ष उपयोग मुंबई उच्च न्यायालयात दिसला. लाचखोरीच्या प्रकरणातील एका व्यावसायिकाचे दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले व ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक सुरक्षिततेला कोणताही धोका नसताना हे आदेश दिले गेले होते. मात्र त्या व्यावसायिकावर खटला झाला, म्हणूनच त्याला दाद मागता आली. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपले बोलणे कोणी ऐकले याचा पत्ताही लागत नाही.

'पेगासस' प्रकरणात चौकशीच्याच मर्यादा उघड झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ मोबाइल तपासले. त्यांपैकी पाच संचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, परंतु ते 'पेगासस'च असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने नमूद केल्याचे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले.

आता जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली असून, संदेश अडविण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाले. तरीही मूळ रचना कायम आहे. आदेश देणारे गृहसचिव आणि आढावा घेणारी सचिवांची समिती, दोन्ही कार्यकारी यंत्रणेचेच भाग आहेत. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी टॅपिंग करताना न्यायाधीशाची परवानगी लागते आणि सामान्यतः ते संपल्यावर संबंधिताला कळवावे लागते. भारतात तशी तरतूद नाही.

देशाच्या सुरक्षेसाठी काही संभाषणे ऐकावी लागतात, याबाबत दुमत नाही. परंतु हक्काचा भंग झाल्याचे ज्याला कधी कळतच नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचे दार उघडे असूनही बंदच राहते.