कोंबडीला काम द्या!

कोंबडीला कंटाळा येतो. हसू नका, खरंच येतो. शाळेला सुट्टी आहे, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आईने मोबाइल काढून घेतलाय, अशा वेळी तुम्ही काय करता? धाकट्या भावाची खोडी काढता. कोंबडीही तेच करते. फक्त तिची खोडी जरा जास्त दुखते, कारण ती शेजारणीची पिसं उपटते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात हर्सूल, पडेगाव, सातारा परिसर ही मुळात गावं. शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत पोचलं. गावं शहरात आली, तशा अंगणातल्या कोंबड्याही आल्या. पण उकिरडा मागेच राहिला. शेणाच्या ढिगाऐवजी आता पायाखाली फरशी, नाहीतर पेव्हर ब्लॉक. तिथे उकरायचं काय आणि शोधायचं काय? खुराड्यात दाणे वेळेवर मिळतात, पाणी मिळतं, मांजराची भीती नाही. आपल्याला वाटतं, मजा आहे बुवा! कोंबडीला तसं वाटत नाही.

का, ते कळायला जंगलात जावं लागेल. कोंबडीचे पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातले लाल रानकोंबडे. (आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडाही तिचा नातेवाईक बरं का! अनेक कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा देणारा जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.) मॅरियन स्टॅम्प डॉकिन्स या संशोधिकेने प्राणिसंग्रहालयात मोकळ्या हिंडणाऱ्या लाल रानकोंबड्यांचा दिवस मिनिटामिनिटाने टिपला आणि १९८९ साली तो हिशेब छापला. माद्या ज्या मिनिटांत काही ना काही करत होत्या, त्यातल्या सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमिनीवर चोच मारत होत्या आणि ३४ टक्के मिनिटांत पायांनी उकरत होत्या. गंमत म्हणजे त्यांना तिथे खायला मिळत होतंच. तरी हा उद्योग चालूच!

त्याहून मजेशीर प्रयोग १९७२ सालचा. डंकन आणि ह्यूज या दोन शास्त्रज्ञांनी कोंबड्यांपुढे भरलेलं भांडं ठेवलं आणि शेजारी अशी सोय केली, की काम केलं तरच खाणं मिळेल. फुकटचं समोर असतानाही कोंबड्या थोडं खाणं काम करून मिळवत राहिल्या. आता घरात कुणी ‘कोंबडीएवढं डोकं’ म्हणालं, तर हा प्रयोग ऐकवा.

म्हणजे कोंबडीला शोधाशोध करायची असते. चोच हे तिचं तोंडही आणि हातही. चोचीच्या टोकाशी स्पर्श कळणाऱ्या नसांची दाटी असते, त्यामुळे ती जग चोचीनेच चाचपून बघते. चाचपायला माती, पाचोळा, किडे काहीच नसेल, तर समोर उरतं काय? शेजारणीची पाठ. एकदा रक्त दिसलं की सगळ्या जणी त्या लाल ठिपक्यावर तुटून पडतात. अशी जखमी कोंबडी दिसली, तर आधी तिला वेगळी ठेवा आणि मोठ्यांना सांगा.

मग काम द्यायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे ताटली बंद. रोजच्या दाण्यातली मूठभर ज्वारी-बाजरी कोरड्या पाचोळ्यात नाहीतर कडब्याच्या बारीक कुट्टीत उधळून द्या. लिंबाच्या झाडाखालचा पाचोळा फुकट मिळतो. कोंबड्या दोन पाय मागे फेकतील, मागे सरकून बघतील, पुन्हा उकरतील. तास निघून जाईल. पाचोळा ओला झाला की मात्र लगेच बदला. ओल्यात बुरशी धरते आणि बुरशीचं विष कोंबडीला फार बाधतं. आपल्या जिल्ह्यात मका भरपूर पिकतो, पण पावसात भिजून काळा-हिरवा पडलेला मका ‘कोंबड्यांना चालतो’ म्हणून टाकू नका. चालत नाही.

दुसरं काम म्हणजे टांगलेला पत्ताकोबी. मधोमध जाड दोरी ओवा, खाली मोठी गाठ मारा आणि गड्डा कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. टोच मारली की तो झुलतो, झुलला की दुसरी धावते. जाळीच्या पिशवीत घालून टांगू नका, तिच्यात पाय नाहीतर डोकं अडकतं. गड्डा संपला की दोरी काढून घ्या. उन्हाळ्यात टरबुजाची साल द्या, ती गारही आणि खुसखुशीतही.

आणि दोरीच टांगली तर? स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत, म्हणजे जिथे १९९६ साली डॉली मेंढी जन्मली तिथे, ब्रायन जोन्स यांनी कोंबड्यांपुढे नाना वस्तू लटकवून पाहिल्या. कोंबड्यांना सगळ्यात आवडला साधा पांढरा दोरीचा झुपका! तरीही घरी हा प्रयोग करू नका, असंच मी म्हणेन. आपल्याकडच्या सुतळीचे धागे सुटतात, कोंबडी ते गिळते आणि गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत त्यांचा गोळा होतो. संक्रांतीनंतर तर अंगण नीट झाडून घ्या. तुटका मांजा कोंबडीच्या पायात गुंतला, की तो काढता काढता नाकी नऊ येतात, आणि तो नायलॉनचा असेल तर पायच कापला जातो. रबरबँड, स्टेपलरच्या पिना, थर्माकोलचे दाणेही उचला. थर्माकोल तर त्या इतक्या आवडीने खातात, की जणू कुणी मुरमुरेच सांडलेत!

मोठं कुणी मदतीला असेल, तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीला मक्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी भोकं पाडून घ्या. तापवलेल्या खिळ्याने पाडलेल्या भोकाच्या कडा बोचत नाहीत. आत दाणे, वर झाकण घट्ट. कोंबडी बाटली ढकलते, दाणा पडतो, आणि हे गणित तिला फार लवकर सुटतं.

आता आंघोळ! आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोंबडीला ती काळजी नाही, कारण तिची आंघोळ धुळीची. साधारण दिवसाआड, दुपारच्या सुमाराला, ती खड्ड्यात बसते, पिसं फुलवते, पंखांनी धूळ अंगावर उडवते आणि जवळजवळ अर्धा तास लोळते. पिसांवरचं जुनं तेल धुळीला चिकटतं. शेवटी ती उठून अंग झाडते, तेव्हा तेलही जातं आणि काही उवाही जातात. गंमत नव्हे तर दुःखाची गोष्ट ही, की तारेच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या धूळ नसतानाही नुसत्या तारेवर बसून तेच हातवारे, म्हणजे पंखवारे, करतात. एका घमेल्यात चाळलेली माती, बारीक वाळू आणि चुलीची पूर्ण विझलेली लाकडी राख मिसळा. आपल्याकडची काळी माती एकटी नको, ओल लागली की तिची ढेकळं होतात. कचरा जाळलेली राख आणि चुना तर मुळीच नको. घमेलं सावलीत, पावसाबाहेर ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक वस्तू निदान दोन ठिकाणी हवी, कारण कोंबड्यांमध्ये मानपान असतो. थोरलीने टोचलेलं धाकटी निमूट सोसते आणि तिसरीला टोचते. थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे हा नॉर्वेचा मुलगा लहानपणापासून कोंबड्यांमागे हिंडायचा आणि कोण कोणाला टोचतं ते पाहायचा. मोठेपणी, १९२१ च्या सुमारास, त्याने ही उतरंड जगापुढे मांडली, आणि आज माणसांच्या कचेऱ्यांबद्दल बोलतानाही लोक त्याचीच कल्पना वापरतात. एकच कोबी टांगलात, तर सगळ्यात खालची कोंबडी कोपऱ्यातच उभी राहील.

तुम्हीही वही घ्या. एका बाजूला ताटलीत दाणे ठेवा, दुसऱ्या बाजूला तेवढेच दाणे पाचोळ्यात लपवा आणि कोण कुठे किती वेळ रमतं ते लिहा. नंतर हात साबणाने धुवा. एखादी कोंबडी मरगळलेली किंवा मेलेली दिसली, तर हात न लावता मोठ्यांना सांगा. पण प्रयोगाला सकाळची वेळ बरी. दुपारी गेलात तर बाईसाहेब घमेल्यात असतील, आणि अंग झाडताना सगळी धूळ तुमच्या वहीवर!