छायाचित्रातला रणगाडा कोणाचा?

१९७१ च्या युद्धाची छायाचित्रे पाहताना आपली नजर आधी माणसांवर जाते. रणगाड्यावर आपले जवान हसत उभे असले की तो रणगाडा आपलाच, असे आपण धरून चालतो. येथेच फसगत होते. जिंकलेल्या रणगाड्यावरही जिंकणारेच चढतात!

गरीबपूरचे उदाहरण घेऊ. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी तेथे आपल्या ४५ कॅव्हलरीचे रशियन पीटी-७६ आणि पाकिस्तानचे अमेरिकी चाफी एकमेकांना भिडले. दोन्ही हलके रणगाडे. काही चाफी आपल्या हाती लागले. मग ओळखायचे कसे?

चाके मोजावीत. चाफीला एका बाजूस पाच मोठी चाके, पीटी-७६ ला सहा. चाफीच्या पट्ट्याची वरची बाजू लहान चाकांवर टेकते. पीटी-७६ ला ती नसतात. पट्टा ओढणारे दातेरी चाक चाफीला पुढे, पीटी-७६ ला मागे. चाके चिखलात बुडाली असतील तर पुढचा भाग पाहावा : पाण्यात तरंगणाऱ्या पीटी-७६ चे नाक होडीसारखे असते. रंग व निशाणी यांवर मात्र विसंबू नये. ती पुसून नवी काढता येतात.

हा नुसता छंद नव्हे. याच लढाईत ४५ कॅव्हलरीचे मेजर दलजितसिंग नारग यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. छायाचित्राखालची एक चुकीची ओळ एखाद्या जवानाचा अखेरचा रणगाडा शत्रूच्या नावे लिहून टाकते.

ऐरोलीहून अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय फार दूर नाही. एकदा तेथे जाऊन चाके मोजावीत. मग छायाचित्रांकडे वळावे.