चौकटीचा सांधा आणि रंध्याची पाटी

आम्ही कापडवाले, पण काउंटर, शोकेस सुताराकडूनच करून घेतो. कोपऱ्याचा सांधा उघडा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडते. म्हणून धरणगावच्या सुतार बांधवांसाठी हे चार शब्द.

लाकडाचे टोक काटकोनात आणायचे तर रंधा कुशीवर आडवा ठेवून सरकवण्याची पाटी करावी. तळाला १८ मि.मी. चांगला प्लाय घ्यावा. अखंड सागवानी फळी नको. खान्देशच्या उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते, मग काटकोन कुठला राहणार? वर जरा अरुंद फळी स्क्रूने बसवली की कडेला रंध्याची वाट उरते. त्या वाटेवर सनमायकाची पट्टी चिकटवून मेणबत्ती घासावी. तेल नको, लाकडावर डाग पडतो आणि पॉलिश धरत नाही. वरच्या फळीची वाटेकडची कड खालून किंचित तासावी. भुसा तेथे मावतो, नाही तर तोच रंध्याला बाहेर ढकलतो.

लाकूड टेकवायची पट्टी थेट वाटेच्या कडेपर्यंत यावी, नाही तर टोकाची ढलपी उडते. तिला आधी एकच स्क्रू मारावा, गुण्या लावून मग दुसरा. पात्याला धार नसेल तर ही सारी मेहनत फुकट.

तपासायचे असे: दोन पट्ट्यांची टोके रंधून एक पट्टी उलटी करावी, दोन्ही सरळ कडेला टेकवून टोके भिडवावीत. फट दिसली तर पट्टी तिच्या निम्म्याने फिरवावी.